बिगीनं उघडणारी पानं

अण्णा स्कूटर इतकी सावकाश चालवायचे, की दसरा चौकात आमच्या मागं हॉर्न वाजवणाऱ्यांची रांग लागायची. एकदा एक बुलेटवाला शेजारी येऊन ओरडला, "ओ काका, त्यापेक्षा ढकलत न्या की!" अण्णांनी त्याच्याकडं बघून गंभीरपणे मान डोलावली, जणू सूचना विचार करण्यासारखी होती, आणि वेग आणखी थोडा कमी केला. मी मागच्या सीटवर मान खाली घालून बसले होते. ओळखीचं कुणी बघू नये, एवढीच इच्छा होती.

हाच माणूस ऑफिसात मोबाईलवर एखादं पान उघडायला जरा वेळ लागला, की खुर्चीवरून ताडकन उठायचा. मोबाईल हातात धरून टेबलाभोवती येरझाऱ्या घालायचा आणि त्या कोऱ्या पडद्याशी मोठमोठ्यानं बोलायचा. "ये की! आगं ये की बाई! किती नटशील? साकु, साकु आता!" साकु म्हणजे कानडीत पुरे. अण्णांचं गाव सीमेजवळचं. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि संतापात दोन्ही एकदम.

मी एकदा न राहवून विचारलं, "अण्णा, स्कूटरवर तुम्हाला कसलीच घाई नसते. मग पानाचीच एवढी घाई का?"

ते म्हणाले, "माझा वेळ माझा हाय. मी त्यो सावकाश घालवीन, न्हायतर रंकाळ्यावर बसून वाया घालवीन. पण पान उघडायला लागतोय त्यो वेळ दुसऱ्याचा हाय. त्यो घालवायचा मला काय अधिकार?"

तेव्हा मी हसले होते. इतकी वर्षं झाली, पण कामाबद्दल इतकं सरळ वाक्य मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

आमचं ऑफिस राजारामपुरीत. खाली स्पेअर पार्टचं दुकान, वर आम्ही. जिल्ह्याच्या बातम्यांची वेबसाईट होती. उसाचा दर, गुळाचे सौदे, धरणाचं पाणी, कुस्त्यांचे निकाल, कुणाचा तरी सत्कार. मालक मूळचे जाहिरातीच्या धंद्यातले, त्यामुळं बातमी कमी आणि तिच्या भोवतीची आरास जास्त. मी इंजिनिअरिंग संपवून तिथं नोकरीला लागले, आणि साईटचं सगळं तांत्रिक काम बघणारे अण्णा माझे साहेब झाले. ते पुण्यात बरीच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून आईसाठी परत आले होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि खिशात दोन मोबाईल. एक बोलायचा, बरा. दुसरा जुनाट, काच तडकलेली, बॅटरीला रबर लावलेला. त्या दुसऱ्याला ते 'खरा मोबाईल' म्हणायचे. मालकांना नवा आराखडा दाखवायचा असला, की मोठ्या स्क्रीनकडं पाठ करून ते हा डबा पुढं करायचे. "ह्याच्यावर उघडलं तर उघडलं. तुमच्या टेबलावर काय, कायबी उघडतंय."

फोटोंशी त्यांचं जुनं वैर होतं. "बातमीला फोटो कशाला? पुढाऱ्याचं तोंड सगळ्या तालुक्यानं बघितलंय," असं म्हणत ते प्रत्येक फोटो इतका दाबायचे, की त्यातली माणसं ओळखू येईनाशी व्हायची. एकदा एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याचा फोन आला. फीत कापतानाच्या फोटोत साहेबांचं तोंड चौकोनी आलंय, असं त्याचं म्हणणं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बिगीनं आलंय का न्हाय, ते सांगा." पलीकडच्यानं फोन आपटला. त्यावरून मालकांनी अण्णांना बरंच सुनावलं. अण्णांनी फोटो बदलला, पण पुढं आठवडाभर 'चौकोनी साहेब' हा शब्द ऑफिसात चालू राहिला, आणि तो वापरण्यात मालकही होते.

मोबाईलसाठी हलकी पानं करायचं आमचं काम सुरू झालं ते शिरोली एमआयडीसीतल्या एका चहाच्या गाड्यावरून. अण्णांना वाचक प्रत्यक्ष बघायची खोड होती. शिफ्ट सुटायच्या वेळेला ते फौंड्रीच्या गेटसमोर जाऊन उभे राहायचे आणि बाहेर येणाऱ्या कुठल्याही अनोळखी माणसाला म्हणायचे, "पावणं, जरा मोबाईल दावता का?" त्या दिवशी मी बरोबर होते. हातापायाला काळी वाळू लागलेला एक माणूस चहा घेत होता. त्यानं अण्णांना आपादमस्तक न्याहाळलं आणि मोबाईल उलट खिशात खोल सारला.

"कर्जाच्या वसुलीवाले का तुमी?"

"न्हाय वो. आमची बातम्यांची साईट हाय. तुमच्या मोबाईलवर कशी दिसती, एवढंच बघायचंय."

कपाळाची विभूती बघून असेल किंवा माझ्याकडं बघून, त्यानं विश्वास ठेवला. गुळाच्या सौद्याची बातमी उघडली. पडदा पांढरा. मग वरून एक सोन्याच्या दुकानाची जाहिरात उतरली. मग खाली एक गोल फिरत बसला. तो माणूस फुंकर घालत चहा पीत राहिला, मध्येच मित्राशी बोलला, कप ठेवला. गोल फिरतोच आहे. त्यानं मोबाईल अण्णांच्या हातात दिला.

"च्या संपला, पावणं. तुमचं पान काय आलं न्हाय." आणि अगदी प्रेमानं पुढं म्हणाला, "आमी हे बघतच न्हाय. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर सांगतंयच की."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या आल्या अण्णांनी मालकांच्या खोलीत जाऊन सांगितलं, की प्रत्येक बातमीचं मोबाईलसाठी वेगळं, हलकं पान करायचं.

तशी एक पद्धत तेव्हा नव्यानं आली होती. तिचे नियम सासुरवाडीसारखे कडक. पानात स्वतःचं कोड चालवायचं नाही. सजावट ठरलेल्या मापातच. चित्र येणार असेल तर त्याची लांबीरुंदी आधीच सांगून ठेवायची, म्हणजे वाचता वाचता ओळी खाली उडी मारत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, नियम पाळलेल्या पानाची एक प्रत शोधयंत्राची कंपनी स्वतःजवळ ठेवून घ्यायची. वाचकानं बोट लावलं, की ती जवळचीच प्रत त्याच्या पुढ्यात यायची. आमच्या सर्व्हरपर्यंत हेलपाटा मारायची गरजच नाही.

मला ते नियम जाचक वाटले. अण्णांना ते आवडले. आयुष्यभर जे एकटे ओरडत होते, ते आता कुणीतरी नियम म्हणून छापून दिलं होतं. आम्ही दोघांनी मिळून जुना साचा सोलून काढला. फिरत्या पट्ट्या गेल्या, उडत्या खिडक्या गेल्या, 'तुम्हाला हेही आवडेल'चा ढिगारा गेला. प्रत्येक वस्तू काढताना ते तिला विचारायचे, "तू कशाला हाईस गं?" उत्तर यायचं नाही. मग ती जायची. बातमीची तारीख आणि वेळ आधी मथळ्याच्या खाली होती. ती त्यांनी पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात नेली. "पहिल्या पडद्यावर बातमी पायजे. घड्याळ कोण बघतंय?" मालकांच्या जाहिरातींना तेवढी जागा ठेवावी लागली. तिथं मात्र ते हरले, आणि हरल्याचा राग त्यांनी आणखी काही फोटोंवर काढला.

पानं तयार झाल्यावर ते मला एसटीनं राधानगरीला घेऊन गेले. कामासाठी अशी सहल मी तरी ऐकली नव्हती. रस्ता झाडीत शिरला आणि मोबाईलची रेंज कमी होत होत एका दांडीवर आली, तसे ते उठले आणि पुढच्या थांब्यावर उतरले. तिथं एक लहानसं हॉटेल होतं. मिसळ सांगितली आणि अण्णा बाहेर जाऊन खरा मोबाईल डोंगराकडं धरून उभे राहिले. एका बातमीवर बोट ठेवलं आणि ओठातल्या ओठात म्हणाले, "बा, बा, बा." कानडीत ये, ये, वासराला बोलावतात तसं.

हॉटेलवाल्या मावशी दारात येऊन म्हणाल्या, "कुणाला बोलावतायसा?"

"पानाला," अण्णा म्हणाले.

आणि पान आलं. रेंज एक दांडी, मोबाईल तो तसला, वर ढग. तरी बोट उचलायच्या आत अक्षरं समोर. अण्णांनी मोबाईल मावशींच्या हातात दिला. त्यांनी मथळा वाचला, धरणाच्या पाण्याची बातमी होती. "ह्ये तर आमच्या हितलंच," त्या म्हणाल्या. अण्णांचा चेहरा मला अजून आठवतो. मिसळ गार होईपर्यंत ते एकामागून एक पान उघडत बसले होते. प्रत्येक वेळी तेच हसू.

वाचक वाढले. फौंड्रीच्या गेटसमोर आता लोक स्वतःहून मोबाईल दाखवू लागले. मालकांनी ऑफिसात भडंग वाटला आणि सगळ्यांसमोर अण्णांच्या पाठीवर थाप मारली. ते दिवस चांगले होते.

मग त्या वर्षी पाणी आलं.

पंचगंगा पात्राबाहेर पडली, की जिल्ह्याचं सगळं जगणं एका प्रश्नावर येतं. कुठला रस्ता चालू, कुठला बंद? आम्ही रस्त्यांचं एक वेगळं पान केलं होतं. गावोगावचे बातमीदार फोन करायचे आणि आम्ही पान बदलत राहायचो. एवढे वाचक आम्ही कधी पाहिले नव्हते. अण्णा ऑफिसातच जेवायचे. खुशीत होते असं म्हणणं बरं नव्हे, पण आपलं काम कुणाच्या तरी उपयोगी पडतंय याचं समाधान त्यांच्या चालण्यातसुद्धा दिसत होतं.

त्यातल्या एका सकाळी मी ऑफिसात पोचले तेव्हा फोन वाजत होता. अण्णांनी उचलला. पलीकडचा आवाज इतका मोठा होता, की मला दारात ऐकू आला.

"रस्त्याचं पान तुमचंच न्हवं? महामार्ग चालू हाय म्हणून लिवलंय त्यात. मी शिरोलीच्या अलीकडं पाण्याच्या कडंला उभा हाय. म्होरं सगळी नदी हाय नदी!"

अण्णांनी समोरच्या स्क्रीनकडं बघितलं. पानावर स्पष्ट लिहिलं होतं, महामार्ग बंद. तो बदल आम्ही रात्री फार उशिरा, घरी निघायच्या आधी केला होता.

"आमच्याकडं तर बंदच दिसतंय," अण्णा म्हणाले.

"आता दिसतंय! मलाबी आता बंद दिसतंय. पहाटं निघताना चालू दिसत हुतं, म्हणून तर निघालो! गाडीत वडील हायत माझं. कोल्हापुरात डायलिसिस हाय त्येंचं. परवाचं चुकलंय, आज झालंच पायजे. माघारी गावाकडं जायचं तर तिकडंबी वाटंवर पाणी आलंय. आता सांगा, काय करू?"

त्या माणसाचं नाव दिलीप. शिरोळकडचा शेतकरी. हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी अण्णांनी एवढंच म्हटलं, "फोन ठेवू नका. मी हाय." मग दुसऱ्या मोबाईलवरून त्यांनी आमच्या बातमीदारांना फोन लावायला सुरुवात केली, मला दवाखान्यांना लावायला सांगितलं. कुठं मशीन चालू आहे, कुठं जाता येतं. तिसऱ्याच कुठल्या तरी फोनवर मला कळलं, की वडगावच्या बाजूला एका लहान दवाखान्यात डायलिसिस होतं आणि ते आलेल्या माणसाला परत पाठवणार नाहीत. तिकडचा रस्ता उंचावरचा. आमचा बातमीदार मोटारसायकल घेऊन स्वतः त्या रस्त्यानं जाऊन बघेपर्यंत अण्णांनी दिलीपला निघू दिलं नाही. "माझ्या पानावर आता तुमी विश्वास ठेवू नका. माणूस जाऊन बघू दे," असं ते त्याला म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता.

मध्ये मध्ये फोनमधून म्हाताऱ्या माणसाच्या धापा टाकण्याचा आवाज येत होता.

दुपारी दिलीपचा निरोप आला. दवाखान्यात पोचलो, मशीन लावलंय. अण्णा पाणी प्याले, आणि मग ते त्या चुकीच्या मागं लागले.

चूक सापडायला फार वेळ लागला नाही. पटकन मिळणारी ती प्रत, तीच चूक होती. आम्ही आमचं पान बदललं, तरी कंपनीजवळची प्रत लगेच बदलत नव्हती. कुणीतरी वाचकानं पान मागितलं, की त्याला जवळची जुनी प्रत दिली जायची, आणि त्याच वेळी मागच्या मागं नवी प्रत आणून ठेवली जायची, पुढच्या वाचकासाठी. दिवसभर हजारो लोक पान उघडत, तेव्हा हे कुणाच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं. पण त्या बदलानंतर, सगळी झोपली असताना, त्या पानाकडं कुणी फिरकलं नव्हतं. बदलाच्या आधीची शिळी प्रत तशीच पडून राहिली. पहाटे पहिल्यांदा बोट लावलं ते दिलीपनं. त्याला चालू रस्ता मिळाला. त्याच्यानंतर ज्यानं ज्यानं उघडलं, त्याला बंद रस्ता मिळाला. खरी वेळ पानाच्या तळाशी होती, बारीक अक्षरात. तिथपर्यंत कोण जातंय?

मालक म्हणाले, "आता पान बरोबर दाखवतंय ना? मग झालं. आणि प्रत ठेवली ती त्यांनी. आपली कुठं चूक आहे?"

"प्रत त्येंनी ठेवली. वरती नाव आपलं हाय," अण्णा म्हणाले. "आणि येळ तळाला मी नेली. दुसऱ्या कुणी न्हाय."

"अहो, पण कुणाला कळणार आहे?"

"ज्याला कळायचं त्याला कळलंय की."

ऐन पुरात रस्त्यांचं पान त्या जलद पद्धतीतून बाहेर काढायचं, असं अण्णांनी ठरवलं. मालकांना ते पटलं नाही, कारण सगळी गर्दी त्याच पानावर होती, आणि हळू पान शोधात खाली जाणार हे अण्णांनीच आम्हाला शिकवलेलं. बराच वाद झाला. शेवटी अण्णा म्हणाले, "ठेवा मग तुमी पान, मी घरला जातो," आणि खरोखर चपला घालायला लागले. मालकांनी त्यांना दंडाला धरून परत बसवलं. त्या दिवसापासून ते एकच पान आमच्या सर्व्हरवरून, सावकाश, जसं असेल तसं यायला लागलं. पहिल्याच ओळीत, सगळ्यात मोठ्या अक्षरात, वेळ. आणि तिच्या खाली अण्णांनी स्वतः लिहिलेलं एक वाक्य. आज पहाटे या पानावर महामार्ग चालू असल्याचं एका वाचकाला दिसलं, ते चूक होतं, आमची चूक होती. मालकांनी ते वाक्य काढायला सांगितलं. अण्णांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

पाणी ओसरल्यावर ते शिरोळकडं निघाले. मला म्हणाले, "तू यायची गरज न्हाय." म्हणून मी गेले. एसटीतून उतरून चिखल सुकलेल्या रस्त्यानं गावात शिरलो. प्रत्येक घरासमोर अंथरुणं, पोती, दप्तरं वाळत घातलेली. दिलीप गोठा धूत होता. अण्णांनी आपण कोण ते सांगितलं. त्यानं झाडू खाली ठेवला नाही.

"कशाला आलायसा?"

"माफी मागायला."

"मागितली न्हवं? जावा मग."

आणि तो पुन्हा गोठा धुवायला लागला. अण्णा तिथंच एका पालथ्या पाटीवर बसले. मोबाईल काढला नाही. दिलीपनं गोठा धुतला, म्हशी आत घेतल्या, धारा काढल्या, डेअरीत दूध घालून परत आला. अण्णा बसलेलेच. तेव्हा आतून दादांचा, म्हणजे दिलीपच्या वडिलांचा, आवाज आला. "आरं, त्या पावण्यास्नी च्या तरी दे. ऊन्ह उतरलं."

चहा पिताना अण्णांनी त्याला सगळं सांगितलं. प्रत म्हणजे काय, जुनी कशी राहिली, पहिला कोण आणि दुसरा कोण. सोपं करून, पण काही न लपवता. दिलीप लक्ष देऊन ऐकत होता.

"गाडीत दादांस्नी धाप लागली हुती," तो म्हणाला, "आणि मी तुमचंच पान सारखं उघडून बघत हुतो. आधी चालू हुतं, मग बंद. मला वाटलं, माझंच डोळं फिरलं." मग त्यानं विचारलं, "म्हंजे मी उघडलं, म्हणून बाकीच्यास्नी खरं दिसलं?"

"व्हय."

दिलीपनं कप खाली ठेवला. त्याच्या बोलण्यात आता राग नव्हता, नुसता हिशेब लावावा तसा तो म्हणाला, "मग माझ्या आदी कुणीतरी उठाय पायजे हुतं."

येताना एसटीत अण्णा खिडकीशी बसले होते. मला वाटलं झोपलेत. झोपले नव्हते.

त्यानंतरची त्यांची एक सवय सांगितली, की ऐकणाऱ्याला ते थोडे वेडे वाटतात. मला तेव्हा वाटलेच होते. रस्त्यांचं पान आता सुरक्षित होतं, पण बाकीची पानं अजून त्या जलद पद्धतीतच होती. धरणाचा विसर्ग, शाळांच्या सुट्ट्या, एसटीच्या बंद फेऱ्या. अण्णांनी कोडमध्ये व्यवस्था करून ठेवली, की पान बदललं की कंपनीला लगेच कळवायचं, जुनी प्रत टाका. ते चालत होतं. मी स्वतः तपासलं होतं. तरी पावसाळा लागला, की आयुष्यात कधी सूर्योदय न बघितलेला हा माणूस पहाटे उठायचा, आणि खऱ्या मोबाईलवर प्रत्येक महत्त्वाचं पान एकदा उघडायचा. शिळी प्रत असलीच, तर ती आपल्या वाट्याला यावी म्हणून.

त्यांच्या आई मला एकदा म्हणाल्या, "पूजेच्या आधी मोबाईल घेतो गं हा. मी बोललं तर म्हणतो, अव्वा, हीच पूजा समज." त्यांना ते आवडलेलं नव्हतं.

मी अण्णांना म्हटलं, "अहो, कोड बरोबर आहे. याची गरज नाही."

"मला ठावं हाय, गरज न्हाय ते," ते म्हणाले. "पण कोडला काय, झोपच येत न्हाय. त्येला काय कळणार पहाटंचं उठणं?"

पुढच्या पावसाळ्यांत दिलीप आमचा बातमीदारच झाला. ऑफिसात फोन करायचा आणि अण्णांनाच मागायचा. "लिव्हा. ओढ्यावर पाणी न्हाय. मी सोता उभा हाय." अण्णा वेळ विचारून घ्यायचे आणि तशीच्या तशी वर टाकायचे. कामाचं झालं, की दोघं म्हशींबद्दल बोलायचे, दादांच्या तब्येतीबद्दल बोलायचे. दादा नंतर दोन-तीन वर्षं होते. ते गेले तेव्हा अण्णा मातीला गेले होते. वेळेत पोचायचं म्हणून त्यांनी त्या दिवशी रिक्षा केली. स्कूटर घेतली नाही.

त्या जलद पद्धतीचा बोलबाला हळूहळू ओसरला. शोधयंत्रानं तिचा आग्रह सोडला, मोबाईलही बरे झाले. ती पानं आम्ही दोघांनी काढून टाकली. जुना प्रत्येक दुवा नव्या पानाकडं वळवताना मला वाटलं होतं, अण्णांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "पान बिगीनं उघडाय पायजे. कशानं उघडलं, ते कोण इचारतंय?" आता सगळी पानं आमच्याच सर्व्हरवरून यायला लागली. जुनी प्रत हा प्रकारच उरला नाही. तरी पावसाळ्यात त्यांचं पहाटेचं उठणं सुटलं नाही.

या उन्हाळ्यात ते गेले. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. अव्वा अजून आहेत.

पावसाळा लागला. धरणाचे दरवाजे उघडले अशी बातमी आली, आणि दुसऱ्या दिवशी मला पहाटेच जाग आली. गजर लावला नव्हता. अंथरुणात बसून मी रस्त्यांचं पान उघडलं. काही कारण नव्हतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पान लगेच आलं, वेळेसकट. मग सवयीनं आत जाऊन बघितलं, आत्ता या घडीला आपल्या साईटवर किती वाचक आहेत. सगळा जिल्हा झोपलेला. एक मी. आणि आणखी एक कुणीतरी, माझ्या आधीपासून तिथं होतं. एक पान उघडत होतं, बंद करत होतं, पुढचं उघडत होतं. विसर्ग. शाळा. एसटी.

मी जरा विचार केला आणि दिलीपदादांना फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"पानं तुम्ही उघडताय का?"

"व्हय," ते म्हणाले. मागं म्हैस ओरडत होती. "अण्णांनी दावलं हुतं, कुठलं कुठलं बघायचं ते. म्हशीसाठनं उठतोच की मी."

त्याची आता गरज उरलेली नाही, पद्धत बदलली, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. वाक्य तयार होतं.

"सगळी बरोबर दिसताहेत का?" मी विचारलं.

"सगळी बराबर हायत. तुमी झोपा जरा बाई," दिलीपदादा म्हणाले. "मी जागा हाय."